चारशे वेळा न झालेली गिनती: डॅनेमोराचा अहवाल कसा वाचायचा

तुरुंगावर संशोधन करायचं ठरवलंत की पहिली अडचण आत जाण्याची. परवानगीला वेळ लागतो, मिळाली तरी कोणाशी बोलायचं आणि किती वेळ बोलायचं हे बहुतेक वेळा दुसरंच कोणीतरी ठरवतं. म्हणून आपल्यापैकी बरेच जण कागदांवर काम करतात. न्यायालयाचे निकाल, चौकशीचे अहवाल, तक्रार अर्ज. या कागदांची एक गंमत लक्षात ठेवा: काहीतरी बिघडतं तेव्हाच तुरुंग स्वतःबद्दल सविस्तर लिहितो. शांत गेलेल्या दिवसाची नोंद एका ओळीत संपते. कैदी पळाला की तीच संस्था दीडशे पानं लिहिते.

आज असाच एक कागद बघू. न्यूयॉर्क राज्याच्या इन्स्पेक्टर जनरल कॅथरीन लेही स्कॉट यांचा जून २०१६ चा अहवाल, क्लिंटन करेक्शनल फॅसिलिटीमधून दोन कैदी पळाले त्याबद्दलचा. अहवाल चांगला आहे. मेहनतीने केलेला, स्पष्ट, खात्याला न घाबरता लिहिलेला. माझं म्हणणं एवढंच की तो जसा लिहिलाय तसा वाचला तर तुमचं संशोधन त्याच्याच निष्कर्षाची झेरॉक्स होईल.

आधी प्रकरण थोडक्यात. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेपासून तीसेक किलोमीटरवर डॅनेमोरा नावाचं गाव आहे. गावच्या मुख्य रस्त्याला लागून तुरुंगाची भिंत. १८४५ मध्ये सुरू झालेला हा तुरुंग थंडीमुळे 'लिटल सायबेरिया' म्हणून ओळखला जातो. ५ जून २०१५ च्या रात्री तिथून डेव्हिड स्वेट आणि रिचर्ड मॅट हे दोघे निसटले. दोघेही खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. स्वेटने २००२ मध्ये एका डेप्युटी शेरिफला मारलं होतं, शिक्षा जन्मठेप, पॅरोल कधीच नाही. मॅटने आपल्या पूर्वीच्या मालकाचं अपहरण करून खून केला होता, शिक्षा पंचवीस वर्षं ते जन्मठेप. कमाल सुरक्षेच्या त्या भागातून कोणी पळून जाण्याची ही पहिलीच वेळ.

कसे गेले? शेजारशेजारच्या कोठड्यांच्या मागच्या पोलादी भिंतीला भोक पाडलं. मागे दुरुस्तीसाठी ठेवलेली अरुंद वाट असते, तिथून खाली उतरले. विटांची भिंत फोडली. उन्हाळ्याच्या तोंडावर हीटिंग बंद झाल्यामुळे गार पडलेला वाफेचा जाड पाइप कापला, त्यातून सरपटत गेले आणि तुरुंगाच्या भिंतीबाहेर रस्त्यावरच्या मॅनहोलमधून वर आले. बिछान्यात कपड्यांचे पुतळे झोपवले होते. हॅकसॉचे ब्लेड आणि बाकीची हत्यारं आली ती तुरुंगाच्या शिवणकाम विभागाची सुपरवायझर जॉयस मिचेल हिच्यामार्फत. त्यातली काही गोठवलेल्या खिम्यात लपवून आणलेली होती आणि तो खिमा कैद्यांपर्यंत पोचवला जीन पामर नावाच्या तुरुंगरक्षकाने. आत काय आहे हे माहीत नव्हतं असं त्याचं म्हणणं. पळाल्यावर मिचेल गाडी घेऊन येणार होती, ती आली नाही. मग तीन आठवडे जंगलात शोध. २६ जूनला मॅट गोळी लागून मेला. २८ जूनला सीमेपासून अगदी थोड्या अंतरावर स्वेट जखमी अवस्थेत सापडला.

गोष्ट इतकी सिनेमासारखी आहे की सिनेमावाले गप्प बसणं शक्यच नव्हतं. २०१८ मध्ये बेन स्टिलरने 'एस्केप ॲट डॅनेमोरा' ही मालिका केली. ती बघा, पण आधी अहवाल वाचा. एकदा का पॅट्रिशिया आर्केटचा चेहरा डोळ्यासमोर आला की अहवालातली मिचेल तुम्हाला वेगळी वाचताच येणार नाही. आणि मालिकेत जे शरीरसंबंध दाखवलेत ते खऱ्या मिचेलने नाकारलेले आहेत, हेही ध्यानात असू द्या.

आता मुद्द्यावर येऊ. अहवालातला सगळ्यात जास्त उचलला गेलेला आकडा आहे चारशे. तुरुंगात रात्रीची गिनती असते. रक्षकाने प्रत्येक कोठडीपाशी थांबून आत जिवंत माणूस आहे याची खात्री करायची. पांघरुणाखालचा आकार पुरेसा नाही, अंग दिसलं पाहिजे, हालचाल दिसली पाहिजे. स्वेट जवळजवळ तीन महिने, साधारण पंच्याऐंशी रात्री, कोठडीबाहेर पडून बोगद्यांमध्ये काम करत होता. अहवाल म्हणतो की त्या काळात तो बाहेर असताना किमान चारशे वेळा गिनती व्हायला हवी होती, आणि त्यातली एक जरी नियमाप्रमाणे झाली असती तर कट तिथेच उघडा पडला असता.

वाचताना अंगावर येतं, नाही का? चारशे! पण पेन घेऊन बसा. चारशे भागिले पंच्याऐंशी, म्हणजे रात्रीला चार-पाच. आता विचारा, हा आकडा नेमका कशाचा आहे? कोणी पाहून मोजलेल्या चुकांचा नाही. नियमानुसार किती वेळा व्हायला हवं होतं, त्याचा हिशेब आहे. हिशेब बरोबरच आहे. पण तो फक्त एका कोठडीपुरता आहे. स्वेटच्या कोठडीपुढून टॉर्च न मारता जाणारा रक्षक पुढच्या कोठडीपाशी थांबून नीट बघत असेल, असं कोणी मानणार नाही. म्हणजे त्याच रात्री, त्याच मजल्यावर, बाकीच्यांचीही गिनती झाली नाही. ते सगळे मात्र सकाळी जागेवर होते. म्हणून ती न झालेली गिनती अहवालात आली नाही.

संशोधनपद्धतीच्या पेपरसाठी तुम्ही 'परिणाम बघून नमुना निवडणं' हा दोष पाठ केला असेल. इथे तो हाडामांसाचा दिसतो. पळून गेलेल्या कैद्यापासून मागे मागे जात चुका गोळा केल्या, तर प्रत्येक चूक पलायनाचं कारण वाटायला लागते. त्याच चुका पलायनाशिवाय किती वर्षं, किती तुरुंगांत होत होत्या, हे विचारल्याशिवाय 'कारण' हा शब्द वापरता येत नाही. एका पलायनाची चौकशी करायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडून ही अपेक्षा करणंही बरोबर नाही. ते काम तिचं नव्हतंच. ते तुमचं आहे.

आणि मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. एखादा नियम अनेक हातांनी, वेगवेगळ्या पाळ्यांमध्ये, चारशे वेळा मोडला असेल, तर तिथे खरोखर कोणता नियम चालू होता? अहवालात शब्द येतो 'अपयश'. हा शब्द गृहीत धरतो की संस्थेला गिनती हवी होती आणि माणसं कमी पडली. माझा अंदाज उलटा आहे, आणि तो अंदाज आहे म्हणूनच सांगते. रात्री झोपलेल्या माणसाच्या तोंडावर दर दीड-दोन तासांनी टॉर्च मारली तर तो शिव्या देणार, शेजारचा उठणार, सकाळी तक्रार होणार. तो मजला 'ऑनर ब्लॉक' होता, म्हणजे चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून जादा सवलती मिळालेल्या कैद्यांचा. तिथली शांतता हेच रक्षकाच्या चांगल्या नोकरीचं लक्षण. गिनती न करणं ही शांततेची किंमत होती, आणि ती किंमत रोज दिली जात होती.

इथे ग्रेशम साइक्स वाचा. 'द सोसायटी ऑफ कॅप्टिव्ह्ज', १९५८. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या कमाल सुरक्षा तुरुंगाचा अभ्यास. पुस्तक लहान आहे आणि अजून शिळं झालेलं नाही. साइक्सचं म्हणणं असं: बाहेरून वाटतं की रक्षकाकडे अमर्याद सत्ता आहे, पण रोजचं काम करून घ्यायला ती सत्ता उपयोगी पडत नाही. ज्याचं सगळं आधीच काढून घेतलंय त्याला आणखी काय शिक्षा देणार? मग रक्षक छोट्या छोट्या सवलती देतो आणि त्या बदल्यात शिस्त विकत घेतो. साइक्स या झिजेला अधिकाराचा भ्रष्टाचार म्हणतो आणि तिचे तीन मार्ग सांगतो: मैत्री, देवाणघेवाण आणि हळूहळू कामच कैद्यांवर सोडून देणं.

डॅनेमोराला हे इतकं चपखल बसतं की भीती वाटावी. मिचेल म्हणजे मैत्री. पामर म्हणजे देवाणघेवाण: मॅट त्याला चित्रं काढून देत असे, कैद्यांमधल्या बातम्या पुरवत असे, आणि पामरने त्याच्यासाठी पक्कड-स्क्रूड्रायव्हर आणले, वायरिंगच्या कामासाठी कोठडीमागच्या वाटेत जाऊ दिलं. गिनती म्हणजे तिसरा मार्ग. झालं, थिअरी चॅप्टर तयार!

थांबा. तीन खाने आहेत आणि तीन वस्तू बरोबर त्यात पडल्या, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. लेबल चिकटवलं म्हणजे स्पष्टीकरण झालं, हा रोग आपल्याकडच्या प्रबंधांमध्ये खूप आहे. साइक्सला इथे खरोखर कामाला लावायचं असेल तर तो कुठे अडतो ते बघायला हवं. मला तो ऑनर ब्लॉकपाशी अडतो. साइक्सच्या वर्णनात सवलत ही नियमाच्या आडून, रक्षकाच्या पातळीवर दिली जाते. ऑनर ब्लॉक ही तर प्रशासनाची उघड, लेखी व्यवस्था होती. स्वतः स्वयंपाक करायची मुभा, कोठडीबाहेर जास्त वेळ. म्हणजे देवाणघेवाण वरूनच मान्य होती. मग पामरने केलं तो नियमाचा भंग होता की अधिकृत धोरण एक पाऊल पुढे गेलं होतं? इथून तुमचा स्वतःचा प्रश्न सुरू होतो.

सोर्सबद्दल एक गोष्ट राहिली. बोगद्यात काय झालं याचा मुख्य साक्षीदार कोण? स्वेट. मॅट मेलेला. अनेक कर्मचाऱ्यांच्या साक्षी अपुऱ्या किंवा विश्वास ठेवण्याजोग्या नव्हत्या, असं अहवालच म्हणतो. म्हणजे सगळ्यात मोकळेपणाने बोलणारा माणूस तोच, ज्याला स्वतःची हुशारी सांगायची हौस असू शकते आणि ज्याच्याकडे गमावण्यासारखं फार काही उरलेलं नाही. त्याचं सांगणं फेकून द्या असं मी म्हणत नाही. कापलेला पाइप, भिंतीतलं भोक, मागे ठेवलेली हत्यारं या गोष्टी त्याच्या बऱ्याच कथनाला दुजोरा देतात. पण पाइप फक्त एवढंच सांगू शकतो की तो कापला गेला. कोणाला माहीत होतं, कोणी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे पाइप सांगत नाही. अहवालातलं प्रत्येक महत्त्वाचं विधान घेऊन समासात लिहा: हे वस्तूवरून आलं, कागदावरून आलं की फक्त स्वेटच्या तोंडून? दोन संध्याकाळी जातील. नंतरचे सहा महिने वाचतील.

आता कायदेशीर शेवट. इथे मला जास्त वेळ थांबायचंय, कारण बहुतेक लेखांत हा भाग शेवटच्या परिच्छेदात उरकलेला असतो.

मिचेलने गुन्हा कबूल केला. सप्टेंबर २०१५ मध्ये तिला दोन वर्षं चार महिने ते सात वर्षं अशी शिक्षा झाली. तीन-चार वेळा पॅरोल नाकारून शेवटी फेब्रुवारी २०२० मध्ये ती सुटली. पामरनेही कबूल केलं, त्याला सहा महिन्यांची कैद आणि दंड. स्वेटने पलायनाचा गुन्हा कबूल केला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याला साडेतीन ते सात वर्षांची जादा शिक्षा झाली, आधीच्या शिक्षेनंतर भोगायची. दुरुस्तीच्या खर्चापोटी ७९,८४१ डॉलर भरायचा आदेशही.

आधीच्या शिक्षेनंतर! आधीची शिक्षा मरेपर्यंतची, पॅरोलशिवाय. मग ही सात वर्षं सुरू कधी होणार? हसू येणं साहजिक आहे, पण हसून पुढे जाऊ नका. शिक्षा कशासाठी असते याची जी उत्तरं आपण पहिल्याच वर्षी शिकतो, ती इथे एकेक करून गळून पडतात. धाक? ज्याला बाहेर यायचंच नाही त्याला सात वर्षांचा धाक कसला. सुधारणा? शक्यच नाही. समाजाचं रक्षण? तो आधीच आत आहे. उरतं ते एवढंच की कायद्याला 'पळून जाणं गुन्हा आहे' हे मोठ्याने म्हणायचं होतं.

खरी शिक्षा दुसरीकडेच झाली. तुरुंग खात्याच्या अंतर्गत शिस्तभंगाच्या कारवाईत स्वेटला सहा वर्षांचा एकांतवास ठरवला गेला. न्यायालयाने दिलेल्या सात वर्षांनी त्याच्या आयुष्यातला एकही दिवस बदलला नाही, खात्याने दिलेल्या सहा वर्षांनी प्रत्येक दिवस बदलला. आणि या दुसऱ्या सुनावणीत जूरी नसते, न्यायाधीश नसतो, जिच्या ताब्यातून माणूस पळाला तीच संस्था निर्णय देते. पुढे २०२१ मध्ये न्यूयॉर्कने 'हॉल्ट' कायदा केला आणि सलग एकांतवासाला पंधरा दिवसांची मर्यादा घातली. तो २०२२ मध्ये अमलात आला. तो स्वेटमुळे आला असं अजिबात नाही, त्यामागे वेगळी आणि मोठी चळवळ होती. पण पंधरा दिवस आणि सहा वर्षं हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

शिवाय जे पळाले नाहीत त्यांचं काय? पलायनानंतरच्या दिवसांत ऑनर ब्लॉकमधल्या कैद्यांची जी चौकशी झाली, त्यात मारहाण झाल्याच्या तक्रारी साठहून अधिक कैद्यांनी एका कायदेविषयक मदत संस्थेकडे केल्या. न्यूयॉर्क टाइम्सने ऑगस्ट २०१५ मध्ये ते छापलं. एकाने सांगितलं की डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून प्रश्न विचारले. यातून दिवाणी दावे उभे राहिले. हे आरोप होते, आणि आरोप म्हणूनच नोंदवायला हवेत. पण बघा, हा सगळा भाग दुसऱ्याच कपाटात आहे. तुम्ही फौजदारी खटल्यांचे कागद घेतले तर 'डॅनेमोरा प्रकरण' म्हणजे चार माणसं: दोन कैदी, एक सुपरवायझर, एक रक्षक. चारशे गिनत्यांचा फौजदारी खटला कोणावरच झाला नाही. काही अधिकारी रजेवर गेले, काही निवृत्त झाले, अधीक्षकाला पद सोडावं लागलं. दिवाणी दाव्यांचं कपाट उघडलंत की मात्र प्रकरणाची लांबी-रुंदीच बदलते.

'आपल्याकडे तर यासाठी कलम आहे' असं तुमच्यातला कायद्याचा विद्यार्थी म्हणेल. आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २६१, जुन्या दंड संहितेचं २२३: सरकारी नोकराच्या निष्काळजीपणामुळे कैदी पळाला तर त्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद. पळणाऱ्यासाठी कलम २६२, जुनं २२४. वरवर पाहता आपला कायदा इथे पुढे आहे, गिनती न करणारा त्याच्या कक्षेत येऊ शकतो. पण तो कोण? त्या रात्री ड्यूटीवर असलेला शिपाई. आधीच्या चौऱ्याऐंशी रात्री ज्यांनी टॉर्च मारली नाही, ज्यांनी ती मारू नये अशी सवय लावली, ज्यांनी नोंदवहीवर सही करून 'सर्व ठीक' लिहिलं, ते या कलमात मावत नाहीत. फौजदारी कायद्याला आरोपी लागतो, आणि आरोपी म्हणजे एक माणूस आणि एक कृत्य. सवयीवर आरोपपत्र ठेवता येत नाही. म्हणून 'कायद्याने कोणाला जबाबदार धरलं' आणि 'हे कसं घडलं' हे दोन वेगळे संशोधनप्रश्न आहेत. प्रपोजलमध्ये ते एकाच वाक्यात घालू नका, पॅनेल तिथेच पकडेल.

अहवालाच्या बाजूनेही एक बोलते. इतक्या टीकेनंतर असं वाटेल की तो फक्त माणसांवर खापर फोडतो. तसं नाही. झडत्या कशा वरवरच्या होत होत्या, वरिष्ठ कसे बोगद्यांकडे फिरकत नव्हते, कर्मचाऱ्यांच्या सामानाची तपासणी दारावर कशी होत नव्हती, हे सगळं त्यात आहे आणि ठणकावून आहे. व्यवस्थेबद्दलचं साहित्य त्याने गोळा केलंय, फक्त मांडणी दोषांच्या यादीसारखी आहे. तेच साहित्य तुम्ही सवयींच्या इतिहासासारखं मांडू शकता. पीडीएफ सार्वजनिक आहे, विमानाचं तिकीट लागत नाही.

सुरुवात कुठून करायची असेल तर ६ जूनच्या सकाळपासून करा. पहाटे साडेपाचला गिनती झाली, कैद्यांनी जागं असायला हवं अशा वेळेची, आणि त्या गिनतीत दोन पुतळे सापडले. म्हणजे गिनती करता येत होती, आणि दिवसाच्या त्या वेळेला ती होतही होती. रात्रीची आणि सकाळची गिनती नियमपुस्तकात कशा लिहिल्यात, कर्मचारी साक्षीत त्यांच्याबद्दल कोणत्या शब्दांत बोलतात, हे दोन रकाने करून उतरवा. पुढच्या पोस्टमध्ये हाच प्रयोग न्यायमूर्ती मुल्ला समितीच्या अहवालावर करून बघू. तो जरा जाडजूड आहे, तेव्हा आतापासून वाचायला घ्या.